ताऱ्यांची दुबार नोंद

आमच्या सोसायटीत सगळ्यांचा समज आहे की माझा नवरा रात्रभर गच्चीवर बसून तारे मोजतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर एकदा मुलाची पत्रिकाच आणून दिली होती, साडेसाती कधी संपते तेवढं बघून सांगा म्हणून. खरी गोष्ट अशी की सर रात्री साडेनऊला घोरायला लागतात. मी त्यांना घरातसुद्धा सरच म्हणते. लग्न झालं तेव्हा ते कॉलेजात नवेनवे फिजिक्स शिकवायला लागले होते, आणि कोणी ‘सर’ म्हटलं की त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की मला ती गंमत सोडवेना. त्या गमतीला आता सव्वीस वर्षं झाली. आमच्या घरी दुर्बीण नाही. जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींनी गोळा केलेले आकडे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि दुपारी कूलरसमोर बनियनवर बसून त्यांच्याशी भांडायचं, याला सर संशोधन म्हणतात.

विषय मात्र मोठा. दूरदूरच्या आकाशगंगांमध्ये नवे तारे किती वेगाने जन्माला येतात, ते मोजणे. मी अठ्ठावीस वर्षं महापालिकेच्या एका झोन ऑफिसात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते. म्हणजे पाहायला गेलं तर दोघांचा धंदा एकच. हे मी सरांच्या पीएचडीच्या मार्गदर्शकांसमोर एकदा बोलून गेले, तर ते मनापासून हसले आणि सरांनी पोह्यांत मान घातली.

ही गोष्ट मागच्या मार्च-एप्रिलची आहे. सरांच्या पीएचडीला नऊ वर्षं झाली होती. दोन वेळा मुदतवाढ घेऊन झाली होती, आणि आता विद्यापीठाचं पत्र आलं होतं की एकतीस मार्चपर्यंत प्रबंध जमा करा, नाहीतर नोंदणी रद्द. सरांचं वय त्रेपन्न. बढतीबिढतीचं वय निघून गेलेलं. पण त्यांच्या विभागाच्या दारावर एक पाटी आहे. तिच्यावर सात नावं. सहा नावांच्या आधी ‘डॉ.’ आणि एकाच्या आधी ‘श्री.’ त्या सहांतले दोघं सरांच्याच हाताखाली शिकलेले. सर कधी काही बोलत नाहीत, पण मी एकदा डबा द्यायला गेले होते, तेव्हा त्यांना त्या पाटीकडे न बघता दारातून आत जाताना पाहिलं. जो माणूस रस्त्यावरचा प्रत्येक बोर्ड मोठ्याने वाचतो आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतो, तो ही एक पाटी वाचत नाही. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. त्यांना पीएचडी मिळावी असं त्यांच्याहून मला जास्त वाटत होतं, हे कबूलच करते.

प्रबंध लिहून झाला होता. नुसती परिशिष्टातली कोष्टकं तपासायची राहिली होती. पानंच्या पानं आकडे. मार्च अर्धा सरला होता, रविवार होता. सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि मवाळ आवाजात म्हणाले, “तुझी नजर कारकुनाची आहे. जरा जुळवणी करून देतेस?”

सरांची मंडळी नागपूरच्या महाल भागातली, पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांत कारकुनी केलेली. माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागेतलं. तरी घरात कारकून कोण, तर मी! पण ‘जरा’ हा शब्द त्यांच्या तोंडून इतका क्वचित निघतो की मी कणीक तशीच झाकून ठेवली आणि हात धुतले.

मी म्हटलं, “जुळवून देते. पण आधी मले समजावून सांगा, कोणत्या रकान्यात काय आहे. समजल्याशिवाय मी आमच्या साहेबाच्या कागदावर पण टिक मारत नाही.”

झालं. सरांना हेच तर पाहिजे असतं. बनियनवरच उभे राहिले, खडू नव्हता तर हातात लाटणं घेतलं.

“तारे जन्मताना दिसत नाहीत,” सर म्हणाले. “पण जे मोठे तारे जन्मतात ते भयंकर तापट असतात. अतिनील प्रकाश ओकतात. आणि तापट असल्यामुळे लवकर मरतात. म्हणून जिथे अतिनील प्रकाश दिसला, तिथे समजायचं की तारे नुकतेच जन्मले आहेत. जुन्यांचा तो प्रकाश केव्हाच संपलेला असतो.”

“तापट असून पण काही काही त्रेपन्न वर्षं टिकतात,” मी म्हटलं.

“विषयाला धरून बोल.”

“बरं. मग एका वर्षात किती जन्मतात?”

“डोकी मोजत नाहीत. किती सूर्यांच्या वजनाइतका माल तयार झाला, ते मोजतात. आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी एखाद-दोन सूर्यांइतका.”

“बस्स? एवढ्या मोठ्या कारखान्यात? आमच्या खिडकीवर तर जेवणाच्या सुट्टीच्या आत याच्यापेक्षा जास्त होतात.”

सरांनी लाटणं टेबलावर आपटलं. मग अडचण काय ती सांगितली. अडचण म्हणजे धूळ. तारे जिथे जन्मतात तिथेच धूळ जास्त, आणि ही धूळ अतिनील प्रकाश गिळून टाकते. बुटीबोरीच्या रस्त्याने उन्हाळ्यात स्कूटरवर यावं आणि समोरच्या ट्रकचे दिवेसुद्धा दिसू नयेत, तसं. पण गिळलेला प्रकाश धुळीला पचत नाही. ती तापते आणि तो सगळा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकते. त्याला अवरक्त म्हणतात. तेही दुर्बिणीला वेगळं दिसतं.

“म्हणून रस्ते दोन,” सर म्हणाले. “पहिला रस्ता, जेवढा अतिनील दिसला त्यावरून धुळीने किती खाल्ला असेल याचा हिशेब करायचा आणि आकडा तेवढा वाढवून घ्यायचा. दुसरा रस्ता, अतिनील जसा दिसला तसाच घ्यायचा, आणि धुळीने बाहेर टाकलेला अवरक्त त्यात मिळवायचा. कोणताही एक धर.”

“तुम्ही कोणता धरला?”

“दुसरा. जास्त भरवशाचा.”

मला समजलं. खरं सांगते, इतकं छान समजलं की वाटलं, हा माणूस वर्गात असा शिकवत असेल तर पोरं खरंच नशीबवान आहेत. हे मी बोलले नाही. डोक्यावर चढवून कशाला ठेवायचं?

आता इथे मला माझ्या खिडकीबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत. पोरगी सातव्या महिन्यात माहेरी येते, नागपुरातल्या एखाद्या दवाखान्यात बाळंत होते, आणि दवाखाना आपल्या शिरस्त्याप्रमाणे आमच्या ऑफिसात कळवतो. नोंद लागते. इथवर ठीक. पण तिकडे सासरी आजोबांना आनंदाच्या उकळ्या फुटत असतात. नातू आपल्या घरचा आणि नाव दुसऱ्याच गावच्या दफ्तरात? छे! ते फेटा बांधून ग्रामपंचायतीत जातात आणि तिथेही नोंद लावून येतात. पोरगं एक, जन्म दोन. सहा वर्षं कोणाला पत्ता नसतो. मग शाळेत नाव घालताना दोन दाखले निघतात, एकावर नाव वेगळं, एकावर तारीख वेगळी, आणि सगळं खटलं रडत माझ्या खिडकीवर येतं. माझी मुलगी जन्मली तेव्हा माझे सासरे असेच निघाले होते. मी बाळंतिणीच्या खाटेवरून फोन करून थांबवलं त्यांना. वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत ते. तेव्हापासून माझ्या हाडात एक प्रश्न बसला आहे. कोणतीही नोंद पुढे आली की मी आधी विचारते, ही आधी कुठे लागली आहे का?

तर आम्ही जुळवणीला बसलो. सर कॉम्प्युटरवरचा आकडा वाचायचे, मी त्यांच्या जुन्या रजिस्टरात बघून टिक करायची. बर्डीच्या बाजारातून आणलेलं हे जाडजूड रजिस्टर नऊ वर्षांपूर्वीचं. पहिल्या-दुसऱ्या वर्षी सरांनी उत्साहाने सगळं हाताने उतरवलं होतं, तेही सुंदर अक्षरात. कॉम्प्युटरवरच्या कोष्टकात पहिला रकाना अतिनीलचा, दुसरा अवरक्तचा, तिसऱ्यात बेरीज; रजिस्टरात होता तो नुसता पहिला. सर वर्गात बोलतात तशा आवाजात आकडे वाचत होते, आणि मी मधूनमधून ‘हळू, हळू’ म्हणत होते. अर्धा-पाऊण तास झाला. मी पान उलटलं, तर मथळ्याच्या वर, कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक लिहिलेलं दिसलं. ‘धुळीची भरपाई करून.’

मी टिक करायची थांबले.

“अहो सर, हा पहिला रकाना जसा दिसला तसाच आहे ना?”

“हो. सांगितलं ना मघाशी.”

“मग इथं काहून लिहिलं, धुळीची भरपाई करून?”

“ते जुनं काहीतरी असेल.”

“जुनंच आहे. पण आकडे पण तेच आहेत. मी तेच तर जुळवून राहिली दुपारपासून.”

सर कॉम्प्युटरकडे वळले. मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, “म्हणजे धुळीत दडलेले तारे तुम्ही इथं एकदा वाढवून धरले, आणि तिथं अवरक्तातून परत धरून राहिले. माहेरी पण नोंद, सासरी पण नोंद. पोरगं तर एकच आहे ना?”

“तुला त्यातलं काय कळतं?”

हे वाक्य मी खिडकीवर रोज ऐकते. तिथे मला काही होत नाही. घरी झालं. मी पेनाला टोपण लावलं, रजिस्टर बंद केलं आणि पोळ्या करायला गेले. पोळ्या इतक्या जोरात लाटल्या की दोन फाटल्या. मनात म्हटलं, मरो ती धूळ आणि मरोत ते तारे, मला काय करायचं आहे! बाहेरच्या खोलीतून नुसता माऊस टिचकावल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. मग सर गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेले. भर दुपारी तीन वाजता नागपूरच्या उन्हात कुंड्यांना पाणी कोणी घालत नाही.

अर्ध्या तासाने खाली आले आणि म्हणाले, “चहा आहे का?”

सव्वीस वर्षांत सरांनी कोणतीही चूक दुसऱ्या शब्दांत कबूल केलेली नाही. मी आधण ठेवलं.

झालं होतं ते असं. पहिल्या वर्षी ज्यांच्याकडून त्यांनी ते अतिनीलचे आकडे घेतले, त्यांनी धुळीची भरपाई आधीच करून दिलेली होती. सरांनी त्याची पेन्सिलीने आठवण लिहून ठेवली. नंतर आकडे कॉम्प्युटरवर चढवले, आणि कोपऱ्यातली पेन्सिल रजिस्टरातच राहिली. चार वर्षांनी अवरक्तचे आकडे हाती आले, तेव्हा सरांनी दुसरा, भरवशाचा रस्ता धरला आणि बेरीज करून मोकळे झाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते यालाच.

“किती फरक पडतो?” मी विचारलं.

“जवळपास निम्मं होतंय.”

“काय निम्मं होतंय?”

“सगळंच,” सर म्हणाले, आणि कपातला चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

सरांच्या प्रबंधातला मुख्य डौल हाच होता की या धुळकट आकाशगंगा अपेक्षेच्या दुप्पट वेगाने तारे जन्माला घालतात. मार्गदर्शक खूश होते, एका परिषदेत टाळ्याही पडल्या होत्या. आता दुबार नोंद काढून टाकली की त्या आकाशगंगा चारचौघींसारख्या साध्या निघत होत्या. जितके तारे जन्मावेत तितकेच जन्मत होते.

“सगळ्या आकृत्या नव्याने काढाव्या लागतील,” सर म्हणाले. “चौथं-पाचवं प्रकरण नव्याने लिहावं लागेल. मार्गदर्शकांची सही परत. महिना तरी लागेल.”

एकतीस तारखेला दोन आठवडे होते.

आणि मग मी ते बोलले. माझ्या खिडकीवर अठ्ठावीस वर्षांत मी आमदाराच्या माणसाला परत पाठवलं आहे, सख्ख्या मावसभावाला परत पाठवलं आहे. माहेरी मला ‘कायदा’ म्हणतात. आजही कोणी तारीख उलटून गेल्यावर आलं की मी चष्म्यावरून बघते आणि नियम वाचून दाखवते. त्या मी म्हटलं, “तसाच देऊन द्या.”

“काय?”

“तसाच देऊन द्या म्हटलं. नऊ वर्षं झाली सर. कोण पाहते पेन्सिलीनं काय लिहिलं ते? रजिस्टर तर आपल्या घरी आहे. एकदा डिग्री हातात येऊ द्या, मग करा काय दुरुस्त करायचं ते.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी भाजीत मीठ दोनदा घातलं तर बघतात तसं, जरा चकित होऊन. “तू म्हणतेस हे?” म्हणाले.

“हो, मीच म्हणून राहिली.”

त्यांनी कप विसळून ठेवला. हेही मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मग कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले आणि पहिलं कोष्टक उघडून त्याची बेरीज पुसून टाकली.

दोन दिवस मी त्यांच्याशी भांडले. पाटीचं सोडून सगळं काढलं. म्हटलं, तुम्हाला लई शहाणपणा सुचला का या वयात? म्हटलं, आ बैल मुझे मार, दुसरं काय? सर ऐकून घ्यायचे आणि पुढचा आकडा टाकायचे. एवढा तापट माणूस, पण त्या दोन दिवसांत आवाज म्हणून चढवला नाही. त्यामुळे मला अजूनच राग यायचा. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात आठवडाभराची अर्जित रजा टाकली. साहेबांनी विचारलं, “घरी काही कार्य आहे का बाई?” मी म्हटलं, “हो, दोन-दोन नोंदी आहेत, एक एक रद्द करायची आहे.” त्यांना वाटलं मी ऑफिसचंच काम घरी नेते आहे, लगेच सही केली.

मग आम्ही कामाला लागलो. सर आकाशगंगेचा नंबर वाचायचे, मी जुना आकडा खोडून नवा लिहायची. तिथे कोणत्याच आकाशगंगेला नाव नव्हतं, नुसते लांबलचक नंबर. मी कंटाळून त्यांना नावं ठेवायला लागले. एक लई उजळ दिसायची आणि हिशेबात काहीच निघायचं नाही, तिला मी सरांच्या थोरल्या बहिणीचं नाव दिलं. सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, “ताईचा आकडा किती आला गं?” एवढं हसलो आम्ही, की खालच्या काकू विचारायला वर आल्या.

एकतीस तारीख आली. मी पाटवडीचा रस्सा केला होता, सरांना आवडतो म्हणून. ते कॉलेजातून आले, जेवले, दुसऱ्यांदा रस्सा घेतला, आणि पाचव्या प्रकरणाचा तिसरा परिच्छेद लिहायला बसले. घड्याळात साडेपाच झाले तेव्हा आम्ही दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. विद्यापीठाची खिडकी बंद होते ती वेळ. मी उठून कूलरमध्ये पाणी भरलं.

प्रबंध तयार झाला एप्रिलच्या मध्यावर. मार्गदर्शकांनी नवं पाचवं प्रकरण वाचून एवढंच म्हटलं की आता हे चमचमीत राहिलेलं नाही, पण पोटाला बाधणार नाही. सही केली. आणि आम्ही चार जाडजूड प्रती पिशवीत घालून स्कूटरवर विद्यापीठात गेलो. सरांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला होता, मी स्कार्फ. उन्हाने डांबर मऊ झालं होतं.

खिडकीच्या पलीकडे माझ्याच वयाची एक बाई बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शेजारी पाण्याची बाटली, बाटलीला ओला रुमाल. तिने पहिलं पान बघितलं, रजिस्टर बघितलं आणि म्हणाली, “तारीख गेली सर.”

“माहीत आहे,” सर म्हणाले.

“मग आता घेता येत नाही.”

मी माझ्या आयुष्यात हे वाक्य इतक्या वेळा बोलले आहे की तिच्या आधी माझे ओठ हलले. पण खिडकीच्या या बाजूला ते असं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. ती बाई वाईट नव्हती. तिने स्वतःहून खणातून एक छापील अर्ज काढून दिला. उशीर माफ करा म्हणून विनंती करायची, समितीपुढे जाईल, समिती काय ते ठरवेल. “कारण मात्र नीट लिहा,” ती म्हणाली, “कारणावरच अवलंबून आहे.”

अर्ज मी भरायला घेतला. सरांचं नाव, विषय, नोंदणी क्रमांक. मग ‘विलंबाचे कारण’ आलं, त्याच्यापुढे तीन रिकाम्या ओळी. आमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका माणसाने फुकटचा सल्ला दिला, “टायफॉइड टाका मॅडम. समितीवाले बिमारीले नाही म्हणत नाही.”

अठ्ठावीस वर्षं मी उशिराची कारणं वाचते आहे. सासरे आजारी होते. गावात पूर होता. बाळाचं नाव ठरत नव्हतं. मला वाचल्याबरोबर कळतं कोणतं खोटं आहे ते, आणि बहुतेक सगळीच असतात. टायफॉइड हा पाच अक्षरांचा शब्द होता आणि नऊ वर्षं त्याच्यावर लटकली होती. मी पेन कागदावरून उचललं. मी सरांकडे पाहिलं.

“जे आहे ते लिही,” सर म्हणाले.

मी लिहिलं. ‘मोजणीत एकच प्रकाश दोन वेळा धरला गेला होता. चूक उशिरा लक्षात आली. दुरुस्तीस वेळ लागला.’

सरांनी वाकून वाचलं आणि सही केली. त्या बाईने चष्मा वर सरकवून दोनदा वाचलं. “असं कोणी लिहिते का बाई?” मला म्हणाली.

“हे लिहितात,” मी म्हटलं.

तिने शिक्का मारला आणि पोच दिली.

अर्ज पुढे मंजूर झाला, हे इथेच सांगून टाकते, उगाच कोणाच्या जिवाला घोर नको. समितीने सरांना बोलावलं, दोन प्रश्न विचारले, एक जण हसला, आणि एक महिन्याची मुदत दिली. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आमच्या हातात नुसती पोच होती, आणि मिळेल असं मला तरी वाटत नव्हतं.

बाहेर रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचा गाडा होता. आम्ही सावलीत बाकड्यावर बसलो. सरांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “सर, मी त्या दिवशी तुम्हाले तसाच देऊन द्या म्हटलं. मले त्याची लई लाज वाटते. जन्मभर लोकांना नियम शिकवले आणि घरच्याच माणसाले खोटं द्यायला सांगितलं.”

सरांनी रसाचा ग्लास खाली ठेवला.

“आई गेली तेव्हा,” म्हणाले, “दाखल्यासाठी मी तुझ्या खिडकीवर आलो होतो. आठवतं? अकरावा नंबर होता माझा. तू सगळ्यांच्या समोर मान वर करून मला विचारलंस, ‘अर्जदाराचे मृत व्यक्तीशी नाते?’”

“रकाना होता तो. विचारावं लागते.”

“हो ना. मी ‘मुलगा’ म्हणालो आणि तू लिहिलंस. आणि आधार कार्डाची झेरॉक्स नव्हती म्हणून परत पाठवलंस. तुझ्या स्वतःच्या सासूच्या दाखल्याला. त्याच संध्याकाळी घरी येऊन माझ्यापेक्षा जास्त रडलीस, तो भाग वेगळा.” सर थोडे थांबले. ते वर्गात थांबतात तसे नाही, शब्द सापडेना म्हणून. “अशी बाई माझ्यासाठी म्हणाली, तसाच देऊन द्या. तुझ्या तोंडून ते ऐकलं आणि मला कळलं, माझं ते ‘श्री.’ तुला किती टोचतं. त्याच्यानंतर मला ते चुकीचं देववेना. तुझ्या कपाळी आयुष्यात एकच खोटी नोंद लागायची आणि तीही माझ्या नावाची, हे मला नको होतं.”

मला वाटत होतं की ती पाटी मी पाहिली हे यांना ठाऊकच नाही. मी डोळ्याला पदर लावला, पण ते काही थांबेना. चार लोकांत, भर रस्त्यावर, मी चांगली हुंदके देऊन रडले. रसवाल्याने चरक थांबवला आणि सरांना विचारलं, “काय झालं काकूले? बर्फ लागला का दाताले?”

“हो,” सर म्हणाले. “त्यांना एक ग्लास अजून दे. बिना बर्फाचा.”